जांबोटी रस्त्यासाठी मडगार्ड: पुढचं बसलं, मागचं अर्ध्यावर

सायकल हायब्रीड, टायर 700 बाय 32, डिस्क ब्रेक. मडगार्ड प्लास्टिकचं, 45 मिमी रुंद.

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी–कणकुंबीच्या पावसात वरून येणारं पाणी कुठलंच मडगार्ड अडवत नाही, माणूस भिजणारच. मडगार्ड लावायचं ते खालून उडणाऱ्या लाल रेतीसाठी. ती चेनच्या तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखी घासते.

पुढचं: फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्याच्या) भोकात 5 मिमीचा बोल्ट, 4 नंबरची ॲलन की. डाव्या बाजूला कॅलिपर (डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग) मडगार्ड धरणाऱ्या काडीच्या आड येतो. तिथं काडी वाकवली नाही, 15 मिमीचा स्पेसर (मधे घालायची पोकळ नळी) आणि तेवढाच जास्त लांब बोल्ट घातला. टायर ते मडगार्ड फट सगळीकडे 10 मिमी. काड्यांची टोकं दाब पडला की सुटणाऱ्या क्लिपमध्ये आहेत, त्या क्लिपा काढू नयेत. झाडांखाली पडलेली काटकी टायरबरोबर आत ओढली गेली तर काडी दुमडते आणि पुढचं चाक जाम होतं. क्लिप सुटली तर मडगार्ड नुसतं लोंबतं.

खरी गंमत फ्लॅपमध्ये, म्हणजे पुढच्या मडगार्डच्या टोकाला लोंबणाऱ्या रबरी पट्टीत आहे. पाणी टायरवरून सरळ रेषेत सुटतं, त्यामुळं मडगार्डचं मागचं टोक वर राहिलं की सगळा फवारा बुटांवर आणि पेडलच्या बेअरिंगवर. कंपनीचं टोक तसंच, बरंच वर होतं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला तर वाऱ्यानं मागं उलटला. ट्रकच्या ट्यूबचा जाड तुकडा टिकला. जमिनीपासून 6 सेंमी ठेवलाय. स्पीडब्रेकरला घासला तरी रबर वाकतं.

मागचं: पेडलच्या मागचा फ्रेमचा आडवा पूल (मडगार्ड बोल्टनं बसतं तो छोटा दांडा) टायरपासून जास्तच लांब आहे. बोल्ट आवळून मडगार्ड तिकडं ओढलं तर ते ताणात राहतं आणि खडबडीत रस्त्यावर भोकापाशी तडकतं. मधली फट वॉशरनी भरायची. 3 घातले, अजून 2 लागतील, मग बोल्टही लांब हवा. तोवर सीटच्या दांड्याला अडकवायचं छोटं मडगार्ड आहे. त्यानं पाठ वाचते, मागून येणाऱ्याचं तोंड नाही.

गोकाक–सौंदत्तीकडं शेतातल्या कच्च्या वाटांवर मात्र हे सगळं उलटतं. काळी माती 10 मिमीच्या फटीत थापली जाते आणि चाक फिरेनासं होतं. तिकडं निघताना दोन्ही मडगार्डं घरीच काढून ठेवायची.