ब्रायटनची छत्री आणि खडूचे कडे : ईस्ट ससेक्समधील दोन दिवस

लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकातून थेट गाडीने ब्रायटनला साधारण तासाभरात पोहोचता येते, आणि म्हणूनच बहुतेक मंडळी हे शहर एका दिवसात उरकतात : समुद्रात शिरणारा ‘पॅलेस पिअर’ हा धक्का, किनाऱ्यावर चिप्स, रॉयल पॅव्हेलियन या जुन्या राजवाड्यासमोर छायाचित्र आणि संध्याकाळची परतीची गाडी. आम्हीही यापूर्वी दोनदा तसेच केले होते. या मे महिन्यात पुण्याहून बाबा आले, तेव्हा मात्र मुद्दाम दोन दिवस काढले आणि पहिली सकाळ समुद्राऐवजी शहरामागच्या टेकडीवरील ‘छत्री’ या स्मारकासाठी राखून ठेवली.

इंग्रजी नकाशावरही तिचे नाव ‘छत्री’ असेच आहे. वानवडीची शिंदे छत्री पाहिलेल्या बाबांना त्या शब्दाचा अर्थ सांगावा लागला नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या भारतीय सैनिकांसाठी डिसेंबर १९१४ पासून ब्रायटनमध्ये रुग्णालये चालवली गेली. तेथे दगावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांवर या टेकडीवर अग्निसंस्कार झाले, तर मुस्लिम सैनिकांचे दफन वोकिंगच्या मशिदीजवळ केले गेले. पुढे दहनाच्या जागीच संगमरवरी घुमटाचे हे स्मारक उभे राहिले आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. त्याचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाचा आहे, हे मला तोवर माहीत नव्हते.

आठ खांबांवरचा पांढरा घुमट आणि त्याच्यासमोर चितांच्या जागा झाकणाऱ्या तीन ग्रॅनाइटच्या शिळा, एवढेच तेथे आहे. रात्री पाऊस झाल्यामुळे शिळांवर पाणी साचले होते आणि त्यात ढग दिसत होते. स्मारकावरील हिंदी मजकूर बाबांनी सावकाश, मोठ्याने वाचला. ऐकायला आमच्याखेरीज फक्त मेंढ्या होत्या. जवळच २०१० मध्ये उभारलेल्या भिंतीवर त्या सैनिकांची नावे कोरलेली आहेत, तीही वाचून मगच निघावे.

छत्रीपर्यंत मोटार जात नाही. ब्रायटनहून बसने पॅचमला उतरावे आणि मोठा रस्ता पुलावरून ओलांडून कुरणांमधून चढत जावे. चढ खडा नाही, पण लांबलचक आहे. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना एका बाजूला तास-सव्वा तास सहज लागतो. वर पाणी, स्वच्छतागृह किंवा आडोसा यांपैकी काहीही नाही. पाऊस पडून गेला असेल तर चिखलात चालतील असेच बूट घालावेत (माझ्या कापडी बुटांचे काय झाले ते न सांगितलेले बरे), आणि वाटेतली फाटके आपल्यामागे आठवणीने लावून घ्यावीत, कारण आजूबाजूला जनावरे चरत असतात. दरवर्षी जूनमध्ये येथे स्मरणसभा होते.

छत्री पाहून मग पॅव्हेलियनमध्ये गेल्यास ती वास्तू निराळीच दिसते. राजपुत्र जॉर्जसाठी (पुढे राजा चौथा जॉर्ज) वास्तुविशारद जॉन नॅशने १८१५ पासून पुढील काही वर्षांत तिला आजचे रूप दिले. बाहेरून घुमट आणि मिनार, आत चिनी थाटाची सजावट, आणि भोजनगृहाच्या छतावर चक्क केळीची पाने, ज्यांच्याखाली एका ड्रॅगनच्या पंजात सुमारे एक टन वजनाचे झुंबर लटकते. प्रथमदर्शनी हा सारा प्रकार मला थोडा हास्यास्पदच वाटला होता. पण महायुद्धात हेच पॅव्हेलियन जखमी भारतीयांचे रुग्णालय झाले होते : याच झुंबरांखाली खाटा मांडून आपले सैनिक ठेवले होते, आणि धर्म व जातींचे नियम सांभाळण्यासाठी रुग्णालयाची नऊ स्वयंपाकघरे होती. या रुग्णालयाची माहिती देणारे दालन वरच्या मजल्यावर आहे. पुष्कळ लोक खालच्या खोल्यांतच दमतात आणि ते चुकवतात. तिकीट आधी काढून दोन तास तरी हाताशी ठेवावेत. दक्षिणेकडच्या बागेचे ‘इंडिया गेट’ ही १९२१ मधील भारताकडून आलेली भेट आहे.

पिअरबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. किनाऱ्यावर वाळू नसून गोटे आहेत, तेव्हा अनवाणी चालण्याचा बेत करू नये, आणि सीगल हातातली चिप्स उचलून नेतात हे अक्षरशः खरे आहे. मुले बरोबर असतील तर १८८३ मध्ये सुरू झालेली व्होक्सची छोटी विजेची रेल्वे जरूर दाखवावी. ती हिवाळ्यात बंद असते. आपल्याकडे बोरीबंदर–कुर्ला मार्गावर विजेची गाडी धावली ती १९२५ मध्ये.

दुसरा दिवस ‘सेव्हन सिस्टर्स’ या खडूच्या पांढऱ्या कड्यांसाठी ठेवला. ब्रायटनहून ईस्टबोर्नकडे जाणाऱ्या १२ क्रमांकाच्या बसने एक्सीट येथे उतरावे. वरच्या मजल्यावर उजवीकडे बसल्यास वाटेत समुद्र दिसत राहतो. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. जुन्या तटरक्षक घरांसह कड्यांचे जे प्रसिद्ध छायाचित्र सर्वत्र दिसते, ते ककमेअर नदीच्या पश्चिम तीरावरून घेतलेले असते, आणि कड्यांवर चालायचे असेल तर पूर्व तीराने जावे लागते. नदीच्या मुखाशी पूल नाही, त्यामुळे चुकीच्या बाजूने समुद्रापर्यंत गेलात तर पुन्हा एक्सीटच्या पुलापर्यंत मागे यावे लागते. वेळ कमी असेल तर पश्चिम तीरच निवडावा.

आम्ही बाबांना ब्रायटनमध्येच विश्रांतीसाठी ठेवून पूर्व तीराने, कड्यांवरून, पलीकडच्या बर्लिंग गॅप या ठिकाणापर्यंत चाललो. एकामागून एक चढ-उतार संपतच नाहीत. कड्याच्या टोकापासून बरेच आत राहावे, कारण खडू खालून पोखरला जातो आणि वरच्या गवतावरून ते मुळीच कळत नाही. पुढचे बेल टाउट दीपगृह १९९९ मध्ये याच कारणाने १७ मीटर मागे सरकवावे लागले. कड्यांखालून किनाऱ्याने चालायचा मोह टाळावा, कारण भरती आली की परतीची वाट उरत नाही.

बर्लिंग गॅपला चहा मिळतो, परंतु तेथून बस वर्षभर रोज नसते. आम्ही हे तेथे पोहोचल्यावर वाचले आणि ईस्ट डीन गावापर्यंत आणखी अर्धा तास चालत जाऊन १२ क्रमांकाची बस पकडली.