नेटचा डबा आईच्या खोलीत का, हे तुम्ही विचारलंत म्हणून

घरी येणारा प्रत्येक जण विचारतो. हॉलमध्ये रेंज धड येत नाही, मुलं फोन घेऊन पॅसेजमध्ये बसतात, दारापाशी आधी व्यवस्थित बसवलेला डबा काढून भिंतीला दुसरं भोक पाडलंत, आणि नेला कुठे, तर जिला इंटरनेटशी काही देणंघेणं नाही तिच्या उशाशी! आजवर मी "असू दे, तिथे बरं पडतं" म्हणून विषय टाळला. आता एकदा नीट सांगतो, म्हणजे पुन्हा सांगायला नको.

फायबर, म्हणजे काचेच्या तंतूतून येणारं नेट, का घेतलं, हे मात्र विचारू नका. ज्यांनी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर नेट वापरलंय त्यांना ते ठाऊक आहे. एडीएसएल 2+ चा, म्हणजे त्या तारेवरच्या नेटचा, वेग कागदावर 24 एमबीपीएसपर्यंत असतो, पण तो एक्स्चेंजला लागून राहणाऱ्यांसाठी. तार लांबत जाते तसा वेग गळत जातो, आणि आम्ही पार टोकाला. सांध्यात पाणी शिरलं की फोनवर खरखर आणि नेट बंद. फायबर घेतलं ते योग्यच केलं. आजही मागे जाणार नाही.

घाईही केली नव्हती. जुनं कनेक्शन आधी तोडलं नाही, कारण चालू असलेलाच नंबर फायबरवर नेता येतो. आधी बंद करून बसलं तर तो हातचा जायची भीती. आईचा नंबर सगळ्या नातेवाइकांना तोंडपाठ आहे, तो जाऊन चालणार नव्हता. बसवायला आलेल्या मुलाला मी मुद्दाम विचारलं, आईच्या फोनचं काय? तो म्हणाला, "काका, फोन तोच, नंबर तोच. पिन इथली काढून या डब्यात लावायची, बस." आणि झालंही तसंच. दाराच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे त्याला तार ओढायला जवळ पडत होतं, तिथे ओएनटी, म्हणजे फायबर घरात येऊन जोडली जाते तो हा डबा, बसला. तिथून फोनची एक वायर आईच्या खोलीत गेली. टोन आला. मी सही केली.

ती रात्र त्यानंतरची. माझी रात्रपाळी होती, बायको आणि मुलं बाहेरगावी. मध्यरात्रीनंतर कधीतरी वीज गेली. आई बाथरूमला जायला अंधारात उठली आणि पलंगाच्या कडेला घसरली. पाय मुडपला, उठता येईना. फोन पलंगाशेजारच्या स्टुलावर असतो, तो तिने वायर धरून खाली ओढला. हे तिचं आधीपासून ठरलेलं होतं. पडलीच तर वायर ओढायची, हे तिनेच मला एकदा करून दाखवलं होतं. रिसीव्हर कानाला लावला तर आत काहीच नाही. एंगेज नाही, खरखर नाही, काही नाही. ती खटका दाबत राहिली. इतक्या वर्षांच्या सवयीने तिला वाटत होतं की लाइन गेलीय, येईल. दाबायचं, ऐकायचं, पुन्हा दाबायचं. नंतर तिने दाबणं सोडून दिलं.

सकाळी मी दार उघडलं तेव्हा वीज आलेली होती. आई फरशीवर, पाठ पलंगाला टेकलेली, रिसीव्हर मांडीवर. पाय गारठलेले. हाड मोडलं नव्हतं, त्या दिवसात एवढंच नशीब. म्हणाली, "फोन मेला होता रे." मी रिसीव्हर कानाला लावला. टोन स्वच्छ येत होता.

कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं, "तुमची लाइन आम्हाला चालू दिसतेय."

चालू होतीच. कारण साधं आहे, ते मला त्यानंतर समजून घ्यावं लागलं. तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर वीजही येत असे. एक्स्चेंजमधून सुमारे 48 व्होल्ट, आणि त्यामागे एक्स्चेंजच्या बॅटऱ्या. म्हणून घरात अंधार असला तरी साधा फोन जिवंत राहायचा. काचेच्या तंतूतून फक्त प्रकाश येतो, वीज येत नाही. त्या प्रकाशाचा आवाज करायला ओएनटी लागतो आणि ओएनटीला घरचा सॉकेट लागतो. वीज गेली की डबा झोपतो, त्याच्यामागे फोनही.

"मग मोबाइल द्या ना त्यांना!" दिलाय. उशाशीच असतो. आईच्या बोटांना कंप आहे, काच तिचा स्पर्श ओळखत नाही, आणि अंधारात चष्म्याशिवाय तो तिच्या उपयोगाचा नाही. जुन्या फोनची बटणं ती न बघता दाबते. हे मी पाहिलंय, म्हणून या मुद्द्यावर मला वाद नको.

हे फक्त आमच्याच घरात घडतं असंही नाही. ब्रिटनमधल्या ऑफकॉम या नियामक संस्थेने 2018 मध्येच कंपन्यांना सांगितलं होतं की जे ग्राहक लँडलाइनवरच अवलंबून आहेत त्यांना वीज गेल्यावरही किमान एक तास आपत्कालीन सेवेला फोन लावता यावा, अशी सोय द्या. तरीही तिथे वृद्धांची मदत मागायची उपकरणं नव्या लाइनवर ऐन वेळी न चालण्याचे गंभीर प्रकार झाले, आणि डिसेंबर 2023 मध्ये मोठ्या कंपन्यांनी सक्तीने लाइन बदलणं थांबवायचं कबूल केलं. माझ्या फॉर्मवर राउटरचा रंग निवडायची सोय होती. घरात लँडलाइनवर कुणी अवलंबून आहे का, ही ओळ नव्हती.

म्हणून दुसरं भोक. डबा, वीज गेल्यावर तो चालू राहावा म्हणून घेतलेली बॅटरी आणि आईचा फोन एकाच जागी हवे होते, मध्ये लांब वायर नको, कुणाच्या झाडूने निघणारा प्लग नको. या वेळी मी हललो नाही. भोक आतून बाहेर किंचित उतरतं पाडायला लावलं, पाणी आत येऊ नये म्हणून. बाहेरच्या पेटीपाशी मीटरने प्रकाश मोजला तर उणे 20 डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप; उण्याचा आकडा वाढला की प्रकाश कमी). खोलीत मोजला तर उणे 26. बसवणारा मुलगा म्हणाला, "चालतंय काका, उणे 27 पर्यंत चालतं." चालतं, पण मग उद्या कनेक्टरवर जरा धूळ बसली की डब्यावर लाल दिवा. कपाटामागे त्याने तार काटकोनात मुडपली होती. प्रकाश तिथेच गळत होता. कपाट सरकवलं, तार ऐसपैस वळवली, आकडा जवळजवळ बाहेरच्याइतका झाला. तो वैतागला होता, आणि त्याचं चुकत नव्हतं. त्याला दिवसाला किती घरं करायची असतात ते मला माहीत आहे.

स्वतःशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. आधीचा मी म्हणतो, एका रात्रीसाठी घरातल्या चौघांचं नेट बिघडवलंस. 5 गिगाहर्ट्झचं वायफाय दोन भिंतींपलीकडे दम तोडतं, हे तुला कळत होतं. बरोबर आहे त्याचं. हॉलमध्ये लॅनची वायर ओढून दुसरा राउटर लावता येईल, लावेनही. आई स्वतः म्हणते, "घेऊन जा तो डबा बाहेर, मला दिव्यांनी झोप येत नाही." दिव्यांवर मी चिकटपट्टी लावली. ती तरीही म्हणते.

आणि बॅटरी तरी किती पुरणार? नवी असताना काही तास, मग दरवर्षी कमी. अधूनमधून मी मेन स्विच बंद करून आईला फोन लावायला सांगतो. तेवढं घरातलं झालं. घरापासून कंपनीच्या केंद्रापर्यंतच्या वाटेवर स्प्लिटर, म्हणजे एका तंतूतला प्रकाश अनेक घरांत वाटणारे भाग, असतात, त्यांना वीज लागत नाही. पण त्या केंद्रात वीज गेल्यावर किती वेळ बॅकअप असतो, हे मी कंपनीला लेखी विचारलं. उत्तरात जास्त वेगाच्या प्लॅनची माहिती आली. मी पुन्हा लिहिलंय.