सोन्याच्या हिरड्या

सोन्या बोका माझ्या रामबागेतल्या दवाखान्यात आला तो भाजीच्या कापडी पिशवीतून. पिशवी आजींनी छातीशी धरलेली, मागोमाग सूनबाई. "डॉक्टरीणबाई, तोंड बघा हो याचं. रात्री काहीतरी चावलंय." चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते आणि पुढचे दोन्ही पंजे टम्म फुगले होते. गांधीलमाशी नाहीतर साप, असं घरी ठरूनही गेलं होतं.

मी ओठ वर करून पाहिला. मांजराच्या हिरड्या एरवी गुलाबी असतात. रक्त कमी झालं की पांढऱ्या पडतात, कावीळ झाली की पिवळ्या. सोन्याच्या मातकट तपकिरी होत्या. गांधीलमाशीने सूज येईल, हिरड्यांना हा रंग येणार नाही. शिवाय श्वास उथळ आणि भरभर चालला होता.

ऑक्सिजन लावला, रक्त घेतलं आणि एक थेंब पांढऱ्या टिपकागदावर सोडला. निरोगी रक्ताला हवा लागली की ते लालभडक दिसतं. हा थेंब चॉकलेटी होता आणि चॉकलेटीच राहिला. अशा वेळी हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूप बदलतं, त्याचं मेथहिमोग्लोबिन होतं आणि मग ते प्राणवायू वाहू शकत नाही. त्यात चेहरा आणि पंजे सुजलेलं मांजर समोर असलं की माझा पहिला संशय पॅरासिटामॉलवर जातो.

आता विचारायचं कसं? "काही औषध दिलंत का?" म्हटलं की माणसं बिचकतात, "छे छे" म्हणून मोकळी होतात, आणि इकडे वेळ जातो. म्हणून मी विचारलं, "घरात कोणाला ताप आहे का?"

"नातवाला आहे ना, परवापासून," आजी म्हणाल्या. मग सूनबाईच हळूच बोलल्या, "सोन्याचंही अंग काल तापलं होतं. जेवला नव्हता. म्हणून अर्धी गोळी कुटून दुधातून दिली. ६५० ची."

म्हणजे ३२५ मिलिग्रॅम, आणि सोन्याचं वजन ४ किलो. किलोमागे १० मिलिग्रॅमनेही मांजरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. इथे ८० च्या वर गेलं होतं. आपलं यकृत हे औषध ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडून लघवीवाटे बाहेर टाकतं. मांजरात त्यासाठी लागणारं एन्झाइम नसल्यातच जमा. मग औषधाचे घातक अंश साठतात आणि तांबड्या पेशी, यकृत दोन्ही पोळतात. मायेने दिलेली गोळी होती ती. सूनबाईंना मी एका शब्दानेही बोलले नाही, कारण त्या खरं बोलल्या म्हणूनच पुढचं सगळं करता आलं.

रात्रीची गोळी, त्यामुळे उलटी करवण्यात अर्थ नव्हता. उतारा म्हणजे एन-ॲसिटिलसिस्टीन, माणसांना कफ पातळ करायला देतात तेच. माझ्याकडे इंजेक्शन संपत आलं होतं, म्हणून कंपाउंडरला दवा बाजारात पिटाळलं. आधी मोठा डोस, मग दर सहा तासांनी त्याच्या निम्मा. जोडीला सलाईन आणि क जीवनसत्त्व. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिरड्यांच्या कडेला गुलाबी रंग दिसू लागला. सूज मात्र हळूहळू उतरली, आणि यकृताच्या तपासण्या ठीक येईपर्यंत मी त्याला घरी सोडलं नाही.

पण मुळात अंग का तापलं होतं? मांजराचं नेहमीचंच तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे आपल्या हाताला ते कायम गरम लागतं. हात लावून मांजराचा ताप कळत नाही, थर्मामीटरच लागतो. सोन्या जेवला नव्हता, हे मात्र खरं लक्षण होतं. शेपटीच्या बुडाशी केस बाजूला केले तर दातांच्या दोन खुणा आणि खाली मऊ गळू. बोक्यांची मारामारी. गळू फोडून पू काढला, जखम धुतली, अँटिबायोटिक सुरू केलं.

नेताना आजींनी विचारलं, "मग आता याला ताप आला तर घरातलं काय द्यायचं?"

"काही म्हणजे काही नाही, आजी. फोन करा आणि घेऊन या. रात्र असली तरी."