कुठला हत्ती?

पांढऱ्याची तेविसावी चाल: ‘ह डी१’. बुद्धिबळाच्या जुन्या नोंदीत, माझ्याच अक्षरात. ह म्हणजे हत्ती, डी१ म्हणजे पटावरचं घर. पण एक हत्ती ए१ वर, दुसरा एफ१ वर, आणि मधली घरं रिकामी. दोघंही डी१ वर येऊ शकतात. हलवला कुठला, ते लिहिलेलंच नाही. सोळाव्या वर्षी वाटलं असणार, हे काय कुणी विसरतंय होय?

हा डाव मी परवा कॉम्प्युटरवर चढवत होतो. भाचीच्या मुलाला एका स्पर्धेला घेऊन गेलो होतो, तिथं त्यानं विचारलं, “आजोबा, तुमचं रेटिंग किती होतं?” नव्हतंच, म्हटलं. त्याला ते पटेना. खेळत होता आणि रेटिंग नव्हतं, म्हणजे कसं? आता त्याला काय सांगायचं, की तेव्हा फिडेची, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेची, रेटिंगची यादी २२०० पासून सुरू व्हायची, आणि आमच्यासारखी पोरं त्या आकड्याच्या पायरीलाही पोचत नव्हती. आज सात-आठ वर्षांच्या पोराचा प्रत्येक डाव कुठं ना कुठं साठवलेला असतो. आमचे डाव वह्यांत होते आणि आमच्या वह्या होत्या सांगलीच्या गावभागात. २००५ च्या पुरात काही गेल्या. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा खालच्या कपाटातल्या उरलेल्या गेल्या. माळ्यावर पत्र्याच्या डब्यात एक गठ्ठा तेवढा राहिला, नोंदीच्या कागदांचा. बरेचसे कार्बनखालचे, निळे, फिकट.

सांगलीत बुद्धिबळाचं बाळकडू वेगळं मिळायला लागत नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं, तेव्हापासून गावाला हा नाद आहे. आम्ही खेळायला लागलो तेव्हा भाग्यश्री साठे राष्ट्रीय विजेती झालेली होती, १९८५ ला. पुढं पद्मश्रीही मिळाली. आमच्यानंतरची स्वाती घाटे महिला ग्रँडमास्टर झाली. खाडिलकर भगिनी मुंबईच्या, पण नाटककार खाडिलकर सांगलीचे आणि या त्यांच्या पणत्या, म्हणून त्यांनाही आम्ही आपल्यातच धरायचो. सांगलीकराला अशी नाती जोडायला वेळ लागत नाही. या सगळ्यांची नावं शोधली की सापडतात. मला आठवण येते ती न सापडणाऱ्यांची.

स्पर्धेत आम्ही एकमेकांना गावाच्या नावानं ओळखायचो. “तासगावला काल कुणी पाडलं?” “जयसिंगपूर आज बाय, जोडीच नाही.” इथंही गावाचंच नाव लिहितो. आता सगळे संसारी आहेत, कुणाचे जावई हे वाचतील.

विटा. हा पोरगा पहिल्यांदा आला तेव्हा पायात स्लीपर, हातात कापडी पिशवी. आजोबांकडून खेळ शिकलेला, म्हणजे देशी पद्धत. त्या पद्धतीत प्यादं एकेकच घर सरकतं आणि राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी असते. पहिल्या फेरीत हा काळ्याकडून बसला. समोरच्याचं बघून प्यादं दोन घरं टाकायचं तेवढं त्यानं उचललं, पण चार-पाच चालींनंतर राजा उचलला आणि घोड्याच्या घरात नेऊन ठेवला. समोरच्यानं हात वर केला. पंच आले. हात लावलाय तर राजाच हलवायला लागेल, म्हणाले. बिचाऱ्याला राजा ई७ वर ठेवायला लागला. राजाला कोपऱ्यात सुरक्षित नेणारा किल्लेकोट गेला, राजा मधोमध उघडा, आजूबाजूला पोरं फिदीफिदी हसतायत. याचे कान लाल झाले, पण मान वर केली नाही. एक हात मांडीखाली दाबून बसला, पुन्हा चुकून लागायला नको म्हणून. आणि तो डाव जिंकला.

मी शेजारच्या पटावर होतो. माझा डाव सोडून त्याचाच बघत बसलो आणि माझा हरलो.

दोन उन्हाळ्यांत तो आम्हा सगळ्यांच्या पुढं गेला. ओपनिंगची पुस्तकं त्याला मिळत नव्हती, मिळाली तरी इंग्रजी वाचायचा कंटाळा. पण प्याद्यांचा शेवट त्याला असा दिसायचा की बस. आम्ही बोटं मोजायचो, “हे सहा चालींत, ते पाच चालींत”, तोवर हा भडंगाची पुडी सोडून खायला लागलेला असायचा. १९८७ ला विश्वनाथन आनंद ज्युनिअर जगज्जेता झाला. त्या दिवसांत सगळ्या पोरांना वाटायचं की आता आपलाच नंबर. मला तर चांगलंच वाटायचं. विट्यानं तसं काही बोललेलं आठवत नाही.

दहावीनंतर तो चुलत्याबरोबर कोइमतूरला गेला, गलाईच्या दुकानात. खानापूर-विट्याकडं हे घरोघरचं. सोनं-चांदी गाळायचं काम करत ही माणसं देशभर पसरलीत. त्यात रडण्यासारखं काही नाही, पोट सगळ्यांनाच आहे. तिथून त्यानं मला पंधरा पैशांच्या कार्डावर चाल पाठवली. मी उत्तर दिलं. असा आमचा डाव चौदा चाली चालला, एका कार्डावर एक चाल. खाली एखादी ओळ: ‘इथं भट्टीपुढं लई गरम होतं.’ पंधरावी चाल माझी होती. मी बँकेच्या परीक्षेच्या मागं होतो. आज टाकू, उद्या टाकू करता करता राहिलंच. नंतर पाठवलेलं कार्ड परत आलं, दुकान हललं होतं. त्याची चूक नव्हती, माझीच होती.

मिरजेची एक होती. जलद डावात तिच्यापुढं कुणी टिकायचं नाही. घड्याळाचं बटण असं दाबायची की चावीचं ते घड्याळ बिचारं टेबलावर सरकायचं. ती डॉक्टर झाली, दवाखान्यांच्या मिरजेत दुसरं काय होणार! भेटली की मी डावांचा विषय काढतो आणि ती माझ्या रक्तदाबाचा.

तर तो हत्ती. तेविसाव्या चालीचा डाव तासगावबरोबरचा होता. कॉम्प्युटरवर डावा हत्ती हलवून बघितला, तर इंजिनानं, म्हणजे डाव जोखणाऱ्या प्रोग्रॅमनं, लगेच काळ्याच्या बाजूनं कौल दिला: ए२ चं प्यादं फुकट. उजवा हलवला तर समसमान. पुढच्या चाली दोन्ही तऱ्हेनं खपतात. म्हणजे एक तर मी घोडचूक केली आणि तासगावला ती दिसली नाही, किंवा मी ती केलीच नव्हती. अडतीस वर्षांनी हे कोडं घेऊन मी रात्रीचं जागत बसलो. शेवटी सकाळी फोन लावला.

तासगाव आता द्राक्षबागायतदार. पलीकडं शेडवर माणसं ओरडत होती, बेदाणा रॅकवर टाकायचं काम चाललं होतं.

“एक विचारायचं होतं. अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यातला आपला डाव...”

“पाचवी फेरी. तू पांढरा.”

“तेविसाव्या चालीला मी हत्ती डी१ ला आणला. कुठला?”

कुणाला तरी तो बाजूला “ताडपत्री ओढ की रं” म्हणाला. मग, “उजवा.”

“नक्की?”

“अरं, डावा हलवला असतास तर ए२ चं प्यादं सोडलं असतं व्हय मी? उंट बसलेला माझा ई६ ला.”

मी पटाकडं बघितलं. उंट ई६ ला होता.

“चौतिसाव्याला तू ड्रॉ मागितलास,” तो म्हणाला. “मी दिला. द्यायला नको होता.”

उजवा हत्ती ठेवून मी डाव तोपर्यंत पुढं नेलेला होताच. इंजिन काळ्याला दीड प्याद्यानं वरचढ दाखवत होतं. ते त्याला सांगितलं नाही. म्हटलं, “बेदाणा कधी निघतोय?”

“पंधरा दिवसांनी ये,” तो म्हणाला. “पट घेऊन ये.”