तुम्ही विचारलंत म्हणून: फरात आटली, आता पुढे काय?

फरात म्हणजे युफ्रेटिस नदीच्या उघड्या पडलेल्या पात्राची नवी चित्रफीत फिरू लागली की आमच्या चर्चच्या मंडळीतले कोणी ना कोणी मला गाठून विचारते, ‘प्रकटीकरणातले, बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले, खरे होऊ लागले ना?’ आता तुम्हीही विचारलेत, म्हणून या वेळी हसून वेळ मारून न नेता लिहितो आहे.

सहाव्या देवदूताने देवाच्या क्रोधाची वाटी ओतल्यावर फरातेचे पाणी आटते आणि पूर्वेकडच्या राजांना वाट मोकळी होते, हे त्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आहे आणि ते मी कधीही नाकारलेले नाही. पण ते पुस्तक लिहिणाऱ्या योहानाचे पहिले वाचक रोमी सत्तेखाली राहत होते. फरात ही त्या सत्तेची पूर्वेकडची सीमा आणि पलीकडे प्राचीन इराणातल्या पार्थी साम्राज्याचे घोडेस्वार, त्यांनीच इ.स.पू. ५३ मध्ये रोमी सेनापती क्रॅससच्या फौजेचा धुव्वा उडवला, तोही हारानजवळ, जिथून इस्राएलांचा मूळपुरुष अब्राहाम वचनाच्या देशाकडे, कनानाकडे निघाला होता. नदी आटून पूर्वेचा राजा येणे हेही नवे नव्हते: पारसी राजा कोरेशाने बाबेल (बॅबिलोन) घेतले तेव्हा त्याचे सैनिक फरातेचे पाणी वळवून पात्रातून शहरात शिरले, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. आज पाणी का घटले, हे शोधायला तर भविष्यवाणी लागतच नाही. अवर्षण आहे, आणि तुर्कस्तानापासून इराकपर्यंत धरणे आहेत. अतातुर्क धरण भरण्यासाठी १९९० च्या जानेवारीत जवळजवळ महिनाभर प्रवाह अडवला होता.

हे सगळे मी बहिणीच्या घरच्या प्रार्थनासभेतही सांगितले होते. भाचीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरण्याची मुदत तोंडावर आली होती. बाहेरून आलेल्या उपदेशकाने मोबाइलवर भेगाळलेले पात्र दाखवले, तसे मेहुणे म्हणाले, ‘शिक्षणाची चार वर्षे आता कुठली शिल्लक आहेत?’ भाची चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली. मी बायबलमधला यिर्मया संदेष्ट्याचा एकोणतिसावा अध्याय काढला. बाबेलात धरून नेलेल्यांना, म्हणजे याच फरातेच्या काठच्या बंदिवानांना, संदेष्टा पत्रातून सांगतो की घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, आणि सत्तर वर्षांचा हिशेब धरून राहा. लवकर सुटका होईल असे सांगणारे संदेष्टे तेव्हाही होते. त्यांचे ऐकू नका, असेही त्याच पत्रात आहे. मी वाचत असतानाच बहीण सर्वांदेखत म्हणाली, ‘दादा, नदीचे राहू दे, तुझा विश्वासच आटलाय.’ त्यावर कोणी काही बोलले नाही, उपदेशकाने समारोपाची प्रार्थना सुरू केली, आणि फी भरली गेली नाही.

तेव्हापासून मी स्वतःशीच वाद घालतो आहे. सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या विद्यालयात असताना प्रकटीकरण म्हणजे पहिल्या शतकाचे राजकारण, असे मी ठासून सांगत असे. त्या तरुणाला आज मी विचारतो की तेवढेच असेल, तर एदेन बागेच्या गोष्टीतल्या चौथ्या नदीपासून अब्राहामाला वचन दिलेल्या देशाच्या सीमेपर्यंत, आणि तिथून थेट शेवटच्या पुस्तकापर्यंत हीच नदी का येत राहते? तो म्हणतो, कारण त्या लोकांच्या जगाची कड तिथे होती. हे मला पटते; पण पुरत नाही.

बहीण अजूनही विचारते, ‘ती वाटी खरेच ओतली जाईल, तेव्हा तुला कळणार कसे?’ मी म्हणतो, कदाचित कळणार नाही, आणि म्हणूनच पोरीची फी भरायला हवी होती. तिला हे उत्तर वाटत नाही.