घरच्या टँकमध्ये ५००टी: रेमजेट सुटला

कोडॅक व्हिजन३ ५००टी ही सिनेमाची रंगीत निगेटिव्ह फिल्म आता घरीच, पूर्ण ईसीएन-२ (सिने निगेटिव्हसाठीच्या) पद्धतीने धुतो आहे आणि निगेटिव्ह स्वच्छ निघते आहे. सिने फिल्मचे रोल भरून ठेवलेत पण धुवायला हात धजावत नाही, अशांसाठी जरा सविस्तर लिहितो.

खरी झटापट रेमजेटशी. माझ्या रोलच्या पाठीवरचा हा कार्बनचा काळा थर सिने कॅमेऱ्यासाठी दिलेला. तिथे सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला ९० फूट फिल्म धावते. स्थिर विजेच्या ठिणग्या पडू नयेत, ओरखडे उठू नयेत, दिव्यांभोवती वलयं येऊ नयेत, एवढं सगळं तो थर सांभाळतो. आपला ३६ फोटोंचा रोल त्या कॅमेऱ्यात ३ सेकंदांत संपला असता! सी-४१ (नेहमीच्या रंगीत फिल्मची पद्धत) लॅबला मात्र हा रोल देऊ नका. सुटलेला थर मशीनमध्ये जाऊन इतरांचेही रोल खराब करतो.

डेव्हलपरआधी थर सैल करणारा माझा प्रीबाथ: लिटरभर पाण्यात बोरॅक्स २० ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फेट १०० ग्रॅम आणि कॉस्टिक सोडा १ ग्रॅम. कॉस्टिक नेहमी पाण्यात घालायचा, हातमोजे घालूनच. प्रीबाथ ओतून टाकला की साधं पाणी भरून टँक जोरजोरात हलवायचा. पहिलं पाणी काळंकुट्ट येतं. नितळ येईपर्यंत बदलत राहा. चिकटून राहिलेला थर फिक्सनंतर ओल्या स्पंजने पुसतो, फक्त पाठीकडून. इमल्शनला, म्हणजे चित्राच्या बाजूला, बोटही लावत नाही.

डेव्हलपर सीडी-३ या रसायनाचा, ४१.१ अंश सेल्सिअस, ३ मिनिटं. सी-४१ च्या रसायनातही चित्र येतं, पण तिथला डेव्हलपर सीडी-४ या वेगळ्या रसायनाचा आहे. कॉन्ट्रास्ट चढतो, रंगांचा तोल ढळतो. या निगेटिव्हचा मऊपणा हेच तिचं वैभव, तो का घालवायचा?

दादरच्या फुलबाजारात पहाटे काढलेल्या फ्रेम बघताना हे फार जाणवलं. ही फिल्म ३२०० केल्विनच्या दिव्यांसाठी बनलेली, त्यामुळे पिवळ्या बल्बखाली झेंडूचा केशरी आणि शेवंतीचा पिवळा वेगवेगळे राहिले, आणि टोपलीच्या तळाची सावलीही वाचता येते. पांढऱ्या एलईडीखाली तेच गाळे निळसर येतात.

उन्हात ८५ नंबरचा केशरी फिल्टर लावून फिल्मचा वेग ५०० ऐवजी ३२० आयएसओ धरतो. फिल्टरविना निळेपणा स्कॅनमध्ये काढता येतो, हे खरं. पण लाल थराला प्रकाश कमी पडलेला असतो आणि सावल्यांतला हरवलेला तपशील परत मिळत नाही.

बाकी, सिने फिल्म स्थिर कॅमेऱ्यात घालणं हा काही आडमार्ग नव्हे. लायका कॅमेऱ्याचा जनक ऑस्कर बार्नाकने सिनेमाची १८×२४ मिमीची फ्रेम दुप्पट केली, तेव्हा आपली २४×३६ जन्मली.

पुढचा डबा डबल-एक्स ५२२२ चा: कृष्णधवल, १९५९ पासूनची, आणि रेमजेट नाहीच. ४०० फुटी रीळ १०० फुटी लोडरसाठी (सुट्या फिल्मचे रोल भरायचं यंत्र) अंधारात कापावी लागेल. ती डी-९६ आणि डी-७६ या दोन्ही कृष्णधवल डेव्हलपरांत धुतलेली कुणाकडे असेल, तर एकाच दृश्याच्या दोन फ्रेम शेजारी ठेवून दाखवा.