होल्स्टरमध्ये न मावलेलं पिस्तूल

रविवारी पहाटे बॅलार्ड इस्टेटमध्ये शूटिंग का लावतात, हे मुंबईतल्या कुठल्याही युनिटला सांगावं लागत नाही. कचेऱ्या बंद, रस्ते रिकामे, आणि जॉर्ज विटेटने आखलेल्या त्या दगडी इमारती. एसीची खोकी झाकली, पाट्या बदलल्या की चाळीसचं दशक उभं राहतं. आमची वेब सिरीज 1944 च्या एप्रिलमधली. 14 एप्रिलला व्हिक्टोरिया डॉकमध्ये स्फोटकांनी भरलेली ‘फोर्ट स्टिकिन’ ही बोट फुटली, त्याच्या आधीचा आठवडा. कथेत एक अमेरिकन अधिकारी आहे. युद्धकाळात अमेरिकन फौजा मुंबई बंदरात उतरायच्या आणि इथून रेल्वेने पूर्वेकडे जायच्या, त्यामुळे त्याचं इथे असणं योग्यच. त्याच्या कमरेला पिस्तूल.

सेटवरच्या नकली हत्यारांची जबाबदारी माझी. आमच्याकडे गोळी, बार काहीच उडत नाही, भडका नंतर व्हीएफएक्सवाले घालतात. तरी पोलीस ठाण्याला आधी पत्र जातं, आणि प्रत्येक नग वहीत नोंदवल्याशिवाय कुणाच्या हातात जात नाही. या वेळी प्रॉडक्शनने पिस्तूल परस्पर दुसऱ्या पुरवठादाराकडून मागवलं होतं. ते थेट लोकेशनवर आलं. मी नोंद करायला बसतोय तोवर कॉस्च्यूमचा मुलगा धावत आला.

“दादा, पिस्तूल आत जातच नाही. होल्स्टर लहान आलंय का?”

होल्स्टर अगदी बरोबर होतं. तपकिरी चामड्याचं, वर झाकण, झाकणावर ‘यूएस’ ही अक्षरं उठवलेली. अडत होतं पिस्तूल. बॅरलखाली आडव्या खाचांची पट्टी, म्हणजे रेल, होती, आणि तीच चामड्यात रुतत होती.

दिग्दर्शक तरुण आहेत, अभ्यासू आहेत. त्यांचा मुद्दा सरळ होता. “स्क्रिप्टमध्ये 1911 लिहिलंय, खोक्यावर 1911 छापलंय. मग अडचण काय?”

मी ते पिस्तूल एका लाकडी पेटीवर ठेवलं आणि बोलायला लागलो. कॅमेऱ्याची टीम लेन्स लावत होती, तेवढा वेळ मिळाला.

जॉन ब्राउनिंगचं हे डिझाइन अमेरिकन सैन्याने 1911 च्या मार्चमध्ये स्वीकारलं, म्हणून नाव 1911, आणि मुख्य पिस्तूल म्हणून ते 1985 पर्यंत टिकलं. .45 ची जाड गोळी, मॅगझिनमध्ये सात. गोळी सुटल्यावर बॅरल आणि स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, एकमेकांत अडकलेल्या स्थितीत थोडं मागे येतात, मग बॅरलची मागची बाजू एका छोट्या दुव्यावर खाली झुकते आणि स्लाइड एकटी मागे जाते. पेटीवरचं पिस्तूल ज्या खऱ्या पिस्तुलाची नक्कल होतं, त्याच्या आतही हीच रचना असते. शंभराहून जास्त वर्षं झाली, तिला हात लावावा असं फारसं कुणाला वाटलं नाही. मला या माणसाच्या कामाबद्दल मनापासून आदर आहे, आणि तो लपवावासा वाटत नाही.

बदललं ते बाहेरून, आणि पेटीवरचं पिस्तूल त्या बदललेल्या, आजच्या ‘टॅक्टिकल’ प्रकारातलं होतं. आणि बाहेरच्या प्रत्येक बदलाला कारण आहे, काळ आहे. रेल टॉर्च लावण्यासाठी. अंधाऱ्या खोलीत शिरताना समोर कोण आहे हे दिसल्याशिवाय गोळी झाडायची नसते, म्हणून ती आली. तिच्या खाचांचं माप अमेरिकन लष्कराने 1995 साली पक्कं केलं, म्हणजे आमच्या कथेनंतर एक्कावन्न वर्षांनी. 2012 मध्ये अमेरिकन मरीन्सनी याच डिझाइनचं पिस्तूल पुन्हा घेतलं, तेव्हा त्यालाही रेल होती, आणि रंग वाळवंटाचा. स्लाइडच्या पुढच्या टोकावरच्या तिरप्या रेघा पुढून पकडून ती थोडी मागे ओढता यावी म्हणून. जुन्यावर रेघा फक्त मागे असतात. नेम धरायच्या खुणांवरचे तीन ठिपके अंधारात उजळतात. खऱ्या पिस्तुलात त्यात ट्रिटियम हा किरणोत्सारी वायू भरलेला असतो आणि बारा-एक वर्षांत त्याचा उजेड निम्म्यावर येतो. 1944 च्या सैनिकाला समोर एक बारीक पातं आणि मागे एक छोटी खाच, एवढंच मिळायचं.

मग मी मुठीच्या मागे वर वळलेली रुंद शेपटी दाखवली. सुरुवातीच्या पिस्तुलांत मागे येणारा हॅमर, म्हणजे घोडा, अंगठ्याजवळच्या कातडीला चावायचा. विशीच्या दशकात सुधारित ए-वन आलं, त्यात शेपटी थोडी लांबवली आणि हॅमरचं टोक आखूड केलं. आताच्या शेपटीने तो प्रश्नच मिटवला. मुठीची मागची बाजू तर मला सगळ्यात आवडते. मुळात सपाट, ए-वनमध्ये फुगीर, आणि टॅक्टिकलमध्ये पुन्हा सपाट.

दिग्दर्शकांनी पिस्तूल उचललं, उलटसुलट केलं. “पण प्रेक्षकाला यातलं काय दिसणार?”

“सर, क्लोजअप आहे,” मी म्हटलं. “तीन पांढरे ठिपके थेट कॅमेऱ्याकडे बघणार. मागची इमारत खरी आणि पुढचं पिस्तूल आजचं, हे मला तरी बघवणार नाही.”

ते काही क्षण थांबले आणि मग म्हणाले, “तुमच्याकडे आहे?”

जोगेश्वरीच्या माझ्या गोदामात ए-वनची धातूची नक्कल आहे. करडा खरबरीत रंग, तपकिरी प्लास्टिकच्या मुठी, स्लाइडवर रेमिंग्टन रँडचं नाव. टाइपरायटर बनवणाऱ्या या कंपनीने युद्धात जवळपास नऊ लाख पिस्तुलं बनवली. प्रॉडक्शनची गाडी आणि पत्राची प्रत घेऊन माझा सहकारी निघाला. तोवर होल्स्टरचं झाकण लावून लांबचे शॉट उरकले.

पिस्तूल आलं, होल्स्टरमध्ये अलगद बसलं. आणि खरा प्रश्न तेव्हा सुरू झाला. आमचा नट डावखुरा. आठवडाभर त्याने त्या टॅक्टिकल नगाच्या मापाच्या रबरी पिस्तुलावर तालीम केली होती, आणि त्याला दोन्ही बाजूंना सेफ्टी, म्हणजे पिस्तूल चुकून उडू नये म्हणून असलेली छोटी पट्टी, होती. डाव्या हाताने काढायचं, अंगठ्याने सेफ्टी खाली करायची, संवाद बोलायचा. ए-वनला सेफ्टी फक्त डाव्या बाजूला, म्हणजे उजव्या अंगठ्यासाठी. त्याचा अंगठा जिथे जात होता तिथे काहीच नव्हतं.

“दादा, त्या काळात डावखुऱ्या माणसाने काय करायचं?” त्याने विचारलं.

सैन्य उजव्या हाताने शिकवायचं, हे मी सांगितलं. नाहीतर दुसरा हात आणायचा. त्याने करून पाहिलं. डाव्या हातात पिस्तूल, मग उजवा हात आडवा आणून सेफ्टी खाली. हाताची हालचाल उघडी पडली, वेळही लागला. समोरच्या गोदी कामगाराचं काम करणारा ज्येष्ठ नट त्या हाताकडे बघत राहिला आणि स्वतःहून अर्धं पाऊल मागे सरकला. तालमीत तो कधीच सरकला नव्हता.

दिग्दर्शकांनी लगेच कॅमेरा कमरेच्या उंचीवर घ्यायला लावला. संवादाच्या दोन ओळी गाळल्या, कारण आता त्या हाताने सांगून झाल्या होत्या. उन्हं रस्त्यावर उतरायच्या आत तीन टेक झाले, आणि तिसरा ठेवला. मला इतक्या वर्षांत एवढा आनंद फार कमी वेळा झालाय. एका लोखंडी पट्टीने प्रसंग बदलताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पॅकअपला मी दोन्ही नग वहीत जमा केले. टॅक्टिकल नग पुरवठादाराला परत करायचा होता, पण दिग्दर्शकांनी तो अडवून ठेवायला सांगितला. पुढच्या महिन्यात त्यांची आजच्या काळातली एक जाहिरात आहे, रात्रीची, टॉर्चसकट. तिथे रेल लागणारच. होल्स्टर मात्र त्याच्या मापाचं घ्या, एवढं मी प्रॉडक्शनच्या मुलाला लिहून दिलं.